अस्वलाचा आवाज

कळंबोली, ८ मार्च १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पेढे खा! वीस वर्षं सिनेमात हवालदार नि पोस्टमन झालो, आता तुझा भाऊ अस्वल झालाय. मुलांची कार्टून फिल्म निघतेय, त्यातल्या अस्वलाला माझा आवाज. आधी आवाज रेकॉर्ड करतात, मग तो ऐकून चित्रं काढतात. मी बोललो नाही तर अस्वल हलतच नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावाचून कुणाचं अडलंय गं!

दिवाळीपासून घसा बसलाय. सुचित्रा इथल्या ट्रकच्या धुळीला शिव्या घालते, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागते. दिग्दर्शक म्हणतात, हा खरखरीत आवाजच हवा, शेवटपर्यंत असाच ठेवा. काय करू, तूच सांग.

आशीर्वाद असू दे.
तुझा नंदू

वाई, १५ मार्च

चि. नंदूस अ. उ. आशीर्वाद.

अरे अस्वला, गल्लीभर पेढे वाटले! आणि विचारतोस काय, खुळ्या? घसा सुटला तर दुसऱ्याला बोलावतील ना! काढे, ज्येष्ठमध सगळं बंद. काम संपलं की दाखव डॉक्टरला. सुचित्रालाही लिहितेय, त्याच्यामागे भुणभुण लावायची नाही म्हणून. एकदाचं नाव होऊ दे तुझं.

माया आहेच, पत्रं वाढव.
ताई

कळंबोली, २ ऑक्टोबर

ती. वन्संना सुचित्राचा नमस्कार.

परवा ह्यांचं ऑपरेशन झालं. घशात कॅन्सरची गाठ होती. स्वरयंत्रच काढलं. सहा महिने आधी आणलं असतं तर किरणांच्या शेकावर भागलं असतं, आवाज राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात आणि पाटीवर लिहून बोलतात. फिल्म मात्र पुरी झाली.

तुम्ही मोठ्या, म्हणून तुमची ताकीद ऐकून मी तोंड मिटून बसले. वन्सं, हे मी जन्मात विसरणार नाही.

लोभ असावा, असं आज लिहवत नाही.
सुचित्रा

कळंबोली, २१ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

तू अन्न टाकलंयस, असं तुझ्या लेकानं, बंडूनं कळवलं. ताई, जेव. तुझा काही दोष नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, मी एकटा जाऊन तपासून आलो होतो. गाठ आहे, एक दिवस घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मला ते अस्वल हवं होतं. सुचित्राला गप्प करणारं कुणीतरी हवं होतं, आणि ती तुझंच ऐकते. गाठीचं लपवून तुला विचारलं ते त्यासाठी.

हे तिला सांगू नकोस. ती रोज माझी जखम धुते. खरं कळून ती घरातून निघाली, तर मला तिला हाकसुद्धा मारता येणार नाही. तिचा राग तेवढा तुझ्याच अंगावर राहू दे.

जमलं तर माया ठेव.
नंदू