पुन्हा वाकडं करा म्हणे

फॉक्स बेंड, युकॉन

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

इथे सव्वाशे वर्षांपूर्वी सोनं सापडलं तेव्हाचं ते न्हाव्याचं दुकान, मागे लिहिलं होतं बघा. खालची गोठलेली जमीन वितळून भुसभुशीत होऊन शेजारच्या दुकानावर कलंडलेलं. आम्ही महिनाभर जॅक लावून इंचाइंचानं सरळ केलं.

आज गावच्या पर्यटन समितीचे हॅल्डेनसाहेब म्हणतात, "एका बाजूचे जॅक उतरवा. लोक वाकड्याचेच फोटो काढतात."

मी म्हटलं, "मग तुम्हीच वाकून उभे राहा की तिथे! दुकान पडल्यावर कशाचे फोटो काढणार?"

नोकरीची काळजी नको, सोमवारच्या समितीच्या बैठकीपर्यंत तरी आहे. जॅकचा दांडा मी उशाशी घेऊन झोपते. दुकान वाकवायचं तर आधी मला उठवावं लागेल.

तुमचीच,
इंग्रिड