रोर्डाऊत कोणीच आजारी नाही

११ मार्च

अखेर! पालिकेच्या बैठकीत हेनिंगने पत्र वाचून दाखवलं. उत्तरेकडच्या एक डॉक्टर, वीब्के आहलर्स, खेड्यात दवाखाना काढू इच्छितात. दोन गावं त्यांच्या मनात आहेत : आमचं रोर्डाऊ आणि टेकडीपलीकडचं एक. गावाची ओळख दोन पानांत लिहून पाठवा, एवढीच त्यांची मागणी.

आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. लोथारच्या पायाची जखम दाखवायची तर चौतीस किलोमीटर, आणि बस दिवसातून दोनदा. परवा गेलो होतो. प्रवासात दिवस संपला, तपासणीला सहा मिनिटं लागली. तिथले डॉक्टर म्हणाले, मधुमेह्याची जखम आहे, आठवड्यातून दोनदा नजरेखालून गेली पाहिजे, नाहीतर पाय जाईल. माझ्या नवऱ्याचा पाय!

हेनिंग नगराध्यक्ष झाला तरी मला 'बाई'च म्हणतो. सातवीत माझ्या भूगोलाच्या तासाला नकाशात एल्बे नदी उलटी वाहवणारा हाच तो. "बाई, तुम्हीच लिहा. नदी, माती, वारा – हे आमचं काम नव्हे."

१४ मार्च

तीन दिवस लिहिते आहे आणि चाळीस वर्षांपूर्वीचा हुरूप परत आला आहे. क्षेत्रफळ, मातीचे थर, चर्चच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा – प्रत्येक खुणेची उंची मी स्वतः पट्टी लावून मोजली. वस्ती सहाशे बारा. सरासरी वय सत्तावन्न. चाकांचा वॉकर घेऊन चालणारे त्रेचाळीस.

फेरीबोटीवरचा परिच्छेद विशेष जमला. नदीच्या मधोमध नांगर, नांगराला लांब दोर, दोराच्या टोकाला बोट. तिचं नाक प्रवाहाला तिरपं धरलं की पाणीच तिला पलीकडे ढकलतं. इंजिन नाही! हे चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी एकेक वाक्य गळून पडलं.

१७ मार्च

हेनिंगने माझ्या दोन पानांचं एक पान केलं. पूर – काट. सरासरी वय – काट. वॉकर – काट.

"बाई, मुलगी दाखवताना तिची दुखणी सांगतात का कोणी?"

"हे स्थळ नाही, हेनिंग. डॉक्टरला दुखणी नको सांगू तर काय सांगू?"

"म्हाताऱ्यांच्या, पुरात बुडणाऱ्या गावात कोण येईल? आधी येऊ तर द्या!"

बैठकीत सगळ्यांनी त्याच्या बाजूने हात वर केला. लोथारनेही! घरी येताना म्हणाला, "आपल्या गावाची लाज राखायला नको?"

२ एप्रिल

आज डॉक्टरबाई येऊन गेल्या. जे घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मलाच समजेल.

काल सबंध गाव झाडून काढलं. त्रेचाळीस वॉकर अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, बंबामागे, कुलपात. ज्यांना त्यांच्याशिवाय चालता येत नाही त्यांना बाकांवर आधीच नेऊन बसवलं आणि ताकीद दिली, की उठायचं नाही. खोकणाऱ्यांनी घरात राहायचं. लोथार बागेत खुर्चीवर, पायावर घोंगडी, हातात शोभेपुरती कात्री.

डॉक्टरबाई उंच, मोकळ्या, चिखलाचे बूट घालून आलेल्या. चौकात प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. खसखशीचा केक खाल्ला. मग बाकावरच्या इर्मट्राउट आजींना विचारलं, "तब्येत कशी आहे, आजी?"

"ठणठणीत!" ब्याऐंशी वर्षांच्या आजी ओरडल्या. दोन्ही गुडघे निकामी आहेत त्यांचे.

"औषधं वगैरे?"

"सफरचंदाची दारू. रविवारी."

सगळे हसले. बाईही हसल्या. हेनिंगची छाती दोन बोटं फुगली. "आमच्याकडे कोणी आजारीच पडत नाही, डॉक्टर. नदीची हवा!"

परत सोडायला फेरीबोटीवर मी गेले. नांगर, दोर, तिरपं नाक – सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं, दोन नेमके प्रश्नही विचारले. (असा विद्यार्थी दहा वर्षांतून एकदा मिळतो.) पलीकडच्या काठाला लागताना म्हणाल्या, "पोहले बाई, तुमचं गाव फार गोड आहे. पण मी इथे दिवसभर करू काय? टेकडीपलीकडे लोक रांग लावून उभे होते."

मी दोरच बघत राहिले.

३ एप्रिल

लोथारची पट्टी बदलली. कडा काळसर. वास.

५ एप्रिल

हेनिंगकडे गेले. तो शेडमधले उरलेले वॉकर बाहेर काढत होता. कोणता कुणाचा हे आता कोणालाच ओळखू येईना. इर्मट्राउट आजी आपला वॉकर मागत रस्त्यावर, दुसऱ्याच्या वॉकरवर, भांडत होत्या.

"हेनिंग, मी मूळ दोन पानं पाठवते आहे. आणि सोबत यादी."

"कसली यादी?"

"दुखण्यांची. नावं नाहीत, फक्त संख्या. घरोघर जाऊन."

"बाई, तुम्ही गावाची अब्रू घालवणार!"

"तू गावाचे पाय घालवतो आहेस. माझ्या घरात एक जातोच आहे."

त्याने हातातला वॉकर खाली ठेवला. मग म्हणाला, "जा. मी अडवत नाही."

९ एप्रिल

चार दिवस, दोनशे अठ्ठ्याऐंशी घरं. पहिल्या घरांत शेजारचा ऐकेल म्हणून कुजबुज. तिसऱ्या दिवशी चढाओढ! "माझा रक्तदाब लिही, त्याच्यापेक्षा वरचा आहे!" "दम्याला वेगळा रकाना कर, पोहले, तो काही साधा खोकला नव्हे!" लोथारने आपलं आपणच सांगितलं, घोंगडी बाजूला सारून. मधुमेह एकशे एक. दमा सव्वीस. एकट्याने राहणारे अठ्ठ्याण्णव.

तक्ता आखला, तळाशी लिहिलं : 'दोन तारखेला आम्ही खोटं बोललो. लाजेपोटी. क्षमस्व.' पोस्टात टाकलं.

२२ एप्रिल

उत्तर आलं! दोनच ओळी. 'खोटं बोलण्याइतकी लाज आणि ते कबूल करण्याइतकी गरज – दोन्ही पटलं. एक जूनपासून येते. तक्ता जपून ठेवा, माझं पहिलं वर्ष त्यावरच आखणार आहे.'

लोथारला मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने मला वाचून दाखवलं. तोवर आठवड्यातून दोनदा बसने जाऊ, तेवढं निभावू. किती दिवसांनी आम्ही दुपारी गाढ झोपलो!

२ जून

काल दवाखाना उघडला. डॉक्टरबाईंनी लोथारची जखम खरवडून स्वच्छ केली. तो शिव्या देत होता, त्या मोजत होत्या. "पाय राहतो," त्या म्हणाल्या. "पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चुकवायचं नाही." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पाचेक मिनिटं नुसती बसले. इतकं हलकं वाटणं मी विसरूनच गेले होते.

३ जून

आज सकाळी आठच्या आधी दवाखान्याच्या दारात पहिला उभा होता – हेनिंग. हिवाळ्यापासून पोटात गाठ चाचपत होता, बायकोलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी तासाभरात गाडी बोलावून जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवला. मला बघून जाता जाता म्हणाला, "बाई, तक्त्यात एक वाढवा." संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला : वेळेत आणलं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.