फलकाला पाया लागतोच

राजधानी, ४ मे १९९९
ती. तेओफिला मावशीस,
लिसांद्रोचा सा. न. वि. वि. खोकला कसा आहे? सॅन होजेच्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयाने अनिबालच्या खटल्यात आपल्या सरकारला दोषी धरलं होतं ना? आता आमचे मंत्री गावात येऊन जाहीर माफी मागणार, दगडी फलक बसवणार. सगळं माझ्याकडे आहे. तू नुसती पहिल्या रांगेत बस.
भाच्यावरची माया पातळ करू नकोस.
लिसांद्रो

ओखो फ्रियो, १२ मे
चि. लिसांद्रोस आशीर्वाद.
खोकला आहे तिथेच आहे, तुझ्या सरकारसारखा. लष्कराने नेलेला मुलगा मी मागितला, दगड नव्हे. हाडं नाहीत म्हणून अजून त्याच्या मृत्यूनंतरच्या नऊ रात्रींची प्रार्थना मांडता येत नाही. शोधून द्या, असंही निकालात आहे. ते ऐकायचं नसेल तर त्या न्यायालयातून बाहेर पडा की. जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.
माया आहे, पण कान पिळीन.
तुझी मावशी

राजधानी, २० मे
ती. मावशीस सा. न.
तुला म्हणून खरं सांगतो. बाहेर पडलं की शेजारी देश नाकं मुरडतात, कर्ज देणारे हात आखडतात. आत राहायला काय लागतं? हरायचं, माफी मागायची, फोटो काढायचे. शोधाबद्दल दरसाल 'काम चालू आहे' असं कळवायचं. शिवाय उद्या साहेबांची खुर्ची गेली आणि नव्यांनी त्यांनाच आत टाकलं, तर दाद मागायला तेच दार. तू फक्त ये. फलकाची जागा कुटुंबाने ठरवायची आहे. तू म्हणशील ती, असं मी न्यायालयाला लिहूनही टाकलंय.
राग सोड, लोभ धर.
लिसांद्रो

ओखो फ्रियो, २९ मे
चि. लिसांद्रोस आशीर्वाद.
मग येते. जागा गावच्या लष्करी छावणीतली, स्वयंपाकघरामागचं आंब्याचं झाड. पाया चांगला खोल घ्या.
मावशी

ओखो फ्रियो, ३ जुलै
चि. लिसांद्रोस आशीर्वाद.
ऐनवेळी तुझं पोट बिघडलं म्हणे. बरं झालं, छावणीच्या कर्नलचं तोंड तुला बघवलं नसतं. न्यायालयाच्या बाई समोर बसलेल्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. छावणीतल्या स्वयंपाकिणीने मला ते झाड कधीच दाखवलं होतं, पण आत खणू कोण देणार? काल शिपायांनीच खणलं. मंत्री छत्रीखाली भाषण पाठ करत होता. गुडघाभर खड्डा झाला आणि अनिबालचा पट्टा वर आला, मीच शिवलेला. मी तिथेच बसले आणि पोटभर रडले. भाषण राहिलंच.

हाडं डॉक्टरांकडे गेली. मला पट्टा पुरे. आज पहिली रात्र, कॉफी उकळतेय. नवव्या रात्री तरी ये, तुझा मावसभाऊ होता तो.

आणि साहेबांना सांग, न्यायालय मुळीच सोडू नका म्हणावं. गावात माझ्यासारख्या आया अजून बऱ्याच आहेत, आणि प्रत्येकीने आपापली जागा ठरवून ठेवली आहे.
तुझी मावशी