शिट्ट्यांची वजाबाकी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण खोलीत तेवढी मोकळी फरशी नाही. एका बाजूला मिक्सर उघडून पडलाय, दुसऱ्या बाजूला बांधलेली खोकी आहेत. तेव्हा उभ्याउभ्याच हात जोडतो, ते साष्टांग समजून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? काकांनी दाढ काढून घेतली की अजून लवंगेवरच दिवस काढताहेत? माझी तब्येत उत्तम आहे, पोट सोडून.

तुझं पत्र पोचलं. माझ्या मागच्या तक्रारीवर तू इतकी तातडीनं हलशील असं वाटलं नव्हतं. (काकांची दाढ बघता कुणालाही वाटलं नसतं.) तू तुझ्या शेजारणीला, म्हणजे काट्याच्या आईला गाठलंस, तिनं लेकासाठी दुसरीकडे खोली बघितली आणि येत्या रविवारी काटा इथून जातोय. आभारी आहे. आता तुझ्या मनात शंकेला जागा राहू नये म्हणून या माणसाचं वागणं सविस्तर कळवतो. (माझ्या खोलीतल्या या जोडीदाराचं काटा हे नाव मी ठेवलंय. एक तर तो घड्याळं दुरुस्त करतो, आणि दुसरं म्हणजे तो माझ्या वाटेतच बसलेला असतो.)

पहिली गोष्ट मिठाची. तू लिहून दिलेल्या डाळीच्या कृतीत ‘मीठ चवीपुरतं’ असं आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस, मला त्या वाक्यात काही चूक दिसली नाही. काट्यानं मात्र चमचा खाली ठेवून विचारलं, कुणाच्या चवीपुरतं? यावर आमची बरीच चर्चा झाली (डाळ तोवर निवली) आणि शेवटी ज्यानं त्यानं आपापल्या चवीपुरतं घालावं असं ठरलं. दोघांनीही घातलं. पातेलं मात्र एकच होतं, हे पहिल्या घासाला आमच्या लक्षात आलं. तेव्हापासून काटा मीठ चिमट्यानं घालतो. चिमटीनं नव्हे, चिमट्यानं. ज्यानं तो घड्याळातले स्क्रू उचलतो त्या. हे बघत उपाशी बसणं म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही, तुझ्या घरी जेवण वेळेवर होतं.

दुसरी गोष्ट कुकरची. हा तूच दिलेला कुकर. काट्यानं तो साफ करायला म्हणून खोलला आणि पुन्हा जोडला, तेव्हा झाकणातली रबराची रिंग बाहेर उरली. मी ती दाखवली तर म्हणाला, दुरुस्तीत एखादा भाग उरतोच, चालू राहिलं म्हणजे झालं. (मी माझं घड्याळ त्याच्याकडे कधीच देत नाही.) कुकर चालूही राहिला. शिट्ट्या होत होत्या, आम्ही तुझ्या सांगण्याप्रमाणे त्या मोजून गॅस बंद करत होतो, आणि डाळ दाताखाली कडकड वाजत होती. आठवडाभर आम्ही वाण्याला नावं ठेवली, मग पाण्याला, आणि शेवटी, खोटं कशाला बोलू, तुझ्या कृतीला. मग एके दिवशी शिट्टीच होईना. आम्ही ताटं घेऊन बसलो. करपल्याचा वास आला. काटा उठला, घड्याळाला लावतो तसा कान कुकरजवळ नेला आणि म्हणाला, ‘‘अरे, हा शिट्ट्या मारतच नाही.’’ खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या. इतके दिवस आम्ही त्यांच्या कुकरवर आमची डाळ शिजवत होतो.

आता रिंग बसवलीय आणि दोन्ही कुकर एकाच वेळी बोंबलतात. त्यावर काट्यानं तोडगा काढला. मी जिन्यात उभा राहून बाईंच्या शिट्ट्या मोजतो, तो ओट्याशी बसून ऐकू येईल ती प्रत्येक शिट्टी मोजतो, मग त्याच्या आकड्यातून माझा वजा करायचा. उरतील त्या आमच्या. डाळ उत्तम शिजते. पण शिकल्यासवरल्या माणसानं रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून बोटं मोजावीत का, तूच सांग. बाईंनी मला दोनदा विचारलं, काही दुखतंय का.

तिसरी गोष्ट सांगून संपवतो. मध्यंतरी मला ताप आला होता. (तुला कळवलं नाही, तू लगेच पिशवी भरून निघाली असतीस.) काट्यानं दुकान बंद ठेवलं. मऊ भात केला, माझ्या उशाशी ताट घेऊन बसला आणि मला घास देऊन विचारलं, पुरलं? मी मानेनंच नाही म्हटलं. त्यानं चिमट्यानं मिठाचे दोन कण टाकले, ढवळलं, पुन्हा घास, पुन्हा तोच प्रश्न. तापानं फणफणलेल्या माणसाला असं छळणं कोणत्या शास्त्रात बसतं? भात गार होत आला तेव्हा मी म्हणालो, पुरलं. खरंच पुरलं होतं. तोंडाला चव नसताना तो भात मला आवडला, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाच्या हातचं मीठ मला बरोबर लागत नाही. ही सवय त्यानं लावली. त्याबद्दलही त्याच्या आईनं त्याला दोन शब्द सुनवावेत.

असो. काकांना नमस्कार. दाढ काढून घ्या म्हणावं.

तुझा,
भाचा

ता. क. मागच्या पत्राचं शुद्धिपत्र सोबत देतो. तिसऱ्या ओळीत ‘या माणसाबरोबर राहणं अशक्य आहे’ असं छापलं गेलंय, तिथे ‘अवघड’ वाचावं. शेवटच्या ओळीत ‘याला इथून हलव’ असं आहे. तिथे अक्षरं गळाली आहेत. मूळ वाक्य ‘याला इथून हलवू नकोस’ असं होतं. मिठाच्या दिवशी रागात लिहिलं, आणि आपलं स्वतःचं लिहिलेलं कुणालाच नीट तपासता येत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्तीची प्रत शेजारीण काकूंनाही दे. नवी खोली दमट आहे आणि तिथे घड्याळं गंजतात, हेही सांग. (मी खोली पाहिलेली नाही. अंदाजानं लिहितोय.)

ता. क. आणखी एक. त्याची सगळी खोकी बांधून झाली. चिमटा मात्र मिठाच्या बरणीतच आहे. ‘‘हा राहिला की रे,’’ मी म्हटलं, तर म्हणाला, ‘‘असू दे. एखादा भाग उरतोच.’’ मावशी, रविवारच्या आत काहीतरी कर. जिन्यात उभा राहिलो तर ओट्याशी कुणी नाही, आणि ओट्याशी बसलो तर जिन्यात कुणी नाही. ही वजाबाकी एकट्याला येत नाही.