तीन नंबरचं कुलूप

६ नोव्हेंबर २०२४, आंधळगाव

चार महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, याची माफी मागतो. जुलैत नागपूरचा कारखाना बंद पडला. सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेल्या माणसाने रोज काय लिहावं, ते सुचेना. आता लिहिण्यासारखं आहे. मधुकररावांनी त्यांच्या राईस मिलमध्ये देखभालीचा सुपरवायझर म्हणून मला बोलावून घेतलं. कॉलेजात ते दोन वर्षं पुढे होते, होस्टेलची खोली मात्र एकच. इथे ते मॅनेजर आहेत. स्वतः बस स्टँडवर घ्यायला आले, माझी बॅग उचलली आणि मालकांना म्हणाले, "आमचा संजू आला, आता मले झोप लागंन." खोली मिलच्या आवारातच आहे. खिडकीतून उन्हात पसरलेलं धान दिसतं. दुपारी पोटभर जेवलो. कित्येक दिवसांनी.

११ नोव्हेंबर

मशीन बंद करण्याची इथली रीत पाहिली. कोणी तरी "बंद करा गा!" म्हणून ओरडतं, कोणी तरी बटण दाबतं आणि फिटर खड्ड्यात उतरतो. खड्डा म्हणजे एलिव्हेटरचा तळ. तिथून पट्ट्याला लावलेल्या बादल्या धान वर नेतात. चार वाजता सगळे चहाला जातात. फिटरही गेला असेल असं धरून, ज्याला घाई असेल तो मशीन सुरू करतो. आजवर निभावलं म्हणे.

मी आठ कुलपं आणून नंबर टाकले. आत जाणाऱ्याने मेन स्विच खाली ओढून आपलं कुलूप लावायचं, नावाची पाटी अडकवायची, किल्ली आपल्याच खिशात. मग हिरवं बटण दाबून पाहायचं. काही हललं नाही तरच उतरायचं. आतून पान्याने पत्र्यावर दोन ठोके म्हणजे 'मी आत आहे'. बाहेर आल्यावर तीन. कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं, दुसऱ्या कोणीही नाही.

नत्थूभाऊ म्हणजे इथले जुने फिटर. त्यांना तीन नंबर मिळाला. म्हणाले, "साहेब, माह्या घराले कुलूप नाही अन् मशीनले लावता?" अंगणात धान पालटणाऱ्या गोदावरीबाई तिथूनच ओरडल्या, "तुह्या घरी चोराले काय भेटंल रे, नत्थू?" सगळे हसले, मीही. पण दुसऱ्या दिवसापासून नत्थूभाऊ न सांगता कुलूप लावू लागले.

एक गोष्ट खुपते आहे. जुन्या कारखान्यात प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली आम्ही तोडून टाकत असू. इथल्या दुसऱ्या किल्ल्या मधुकररावांनी मागितल्या. एखादी हरवली तर मिल दिवसभर बंद ठेवायची काय, म्हणाले. ज्यांनी नोकरी दिली त्यांच्यावर विश्वास नाही असं दाखवणं मला जमलं नाही. आठही दिल्या.

२२ नोव्हेंबर

नत्थूभाऊ गेले.

तीन वाजता ते खड्ड्यात उतरले. कुलूप मी डोळ्यांनी पाहिलं, हिरवं बटण स्वतः दाबलं. मग मधुकररावांनी मला बेअरिंग आणायला मोहाडीला पाठवलं. परतलो तेव्हा एलिव्हेटर थांबवलेला होता आणि खड्ड्याभोवती माणसं. तीन नंबरचं कुलूप आपल्या खिळ्यावर टांगलेलं. बंद. किल्ली नत्थूभाऊंच्या खिशात निघाली.

गोदावरीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की फाटकावर ट्रक खोळंबले होते, मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "नत्थू चहाले गेला काय?" आणि उत्तराची वाट न पाहता कुलूप उघडलं. तासाभराने त्याच म्हणाल्या, "म्या काहीच नाही पाह्यलं, दादा. मले इथंच काम करा लागते."

२५ नोव्हेंबर

पोलिसांना मधुकररावांनी कुलपांच्या नोंदीचं रजिस्टर दाखवलं. त्यात ओळ आहे: '३.४०. नत्थू बाहेर आला, कुलूप काढले.' खाली माझी सही. म्हणजे नंतर नत्थूभाऊ कुलूप न लावताच पुन्हा उतरले, चूक त्यांचीच. ३.४० ला मी मोहाडीत होतो.

सही हुबेहूब माझी. कॉलेजात मी तापाने पडलो असताना दोन महिने माझ्या सह्या करून माझी हजेरी तेच लावत. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं.

विचारलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काहून घाबरून राहिला? मी आहो ना." दुसऱ्या किल्ल्यांविषयी पोलिसांना मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दिल्या कोणी, हा प्रश्न लगेच आला असता.

२८ नोव्हेंबर

सकाळी मिल उघडली तर तीन नंबरचं कुलूप मेन स्विचवर. लावलेलं. पाटीही: 'नत्थू. आत काम चालू आहे.'

मधुकररावांनी सगळ्यांना शिव्या दिल्या, दुसऱ्या किल्लीने उघडलं, मिल सुरू केली.

२९ नोव्हेंबर

पुन्हा लावलेलं. आज किल्ली फिरेना. ब्लेडने कापलं, तुकडे भंगारात टाकले.

चार वाजता चहासाठी मिल थांबली. सगळं शांत झालं आणि खड्ड्यातून पत्र्यावर दोन ठोके आले. थोड्या वेळाने पुन्हा दोन. कप हातात धरून सगळे तसेच उभे. मी तिसऱ्याची वाट पाहत होतो —

३० नोव्हेंबर

कुलूप अखंड. स्विचवर. भंगारातले तुकडे मी स्वतः तपासले, तेही तिथेच आहेत.

माणसं आत यायला तयार नाहीत. गोदावरीबाई म्हणाल्या, नत्थू अजून बाहेर आलाच नाही, तर कुलूप कसा काढंल?

नियम माझाच आहे. ज्याचं त्यानेच —

२ डिसेंबर

आज दोन कुलपं. तीन नंबर आणि एक नंबर.

एक नंबर माझं. मी लावलेलं नाही. माझ्या खिशात किल्ली नाही. पाटी: 'संजीव. आत आहे.' अक्षर माझं — किंवा माझं अक्षर काढता येणाऱ्याचं. दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटते, ते कळत नाही.

मधुकरराव अगदी प्रेमाने बोलले. म्हणाले, तूच उतर, पाहून ये, माणसांची भीती जाईल, मी स्विचपाशी उभा राहतो.

मी हो म्हटलं. का म्हटलं —

दुपारचे चार. ठोके सुरू झालेत. दोन. दोन. मला बोलावत नाहीत. फक्त सांगताहेत.

इथून निघून जाता येईल. फाटक उघडं आहे. पण नत्थूभाऊ आत आहेत, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून कुलूप —

उद्याचं काम एकच: खाली उतरून नत्थूभाऊंना सांगायचं, की ती किल्ली मी