शोकेसमधली रिकामी जागा

४ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मुख्याध्यापिकाबाईंनी सहावीच्या बेटावरच्या सहलीची सूत्रं माझ्या हाती दिली. दिली म्हणजे, पीटीच्या सरांची पाठ धरली म्हणून माझ्याकडे आली. पण योग्य माणूस शेवटी योग्य जागी पोचतोच. सहल नीट पार पडली तर सहलप्रमुखपद कायमचं माझं, असं बाई म्हणाल्या. सोबत मुलांना 'जबाबदार पर्यटन' शिकवायचं आहे. असं शिकवीन की पोरं जन्मात शिंपला उचलणार नाहीत.

६ जानेवारी, बुधवार
पहिला तास झकास झाला. फळ्यावर लिहिलं: 'आठवण आणा, वस्तू नको.' आपोआप सुचलं. मागच्या बाकावरच्या चिवट्याने विचारलं, एका शंखाने काय होतंय? मी म्हटलं, चाळीस जणांनी एकेक नेला तर शंखात राहणाऱ्या खेकड्याने जायचं कुठे? चिवट्याला पटलं. (दोन मिनिटं.) विकत घ्यायचंच तर तिथल्या माणसाने हाताने केलेलं घ्या आणि घासाघीस करू नका, हेही सांगितलं.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, मग आपल्या शोकेसमधले दगड काय चालत आले? तिला समजावलं की तो संग्रह आहे. संग्रह आणि उचलेगिरी यांत फरक असतो. कोणता, ते सवडीने लिहीन.

१२ जानेवारी, मंगळवार
नियमावली तयार. कलम सात माझं लाडकं: सहलीतल्या एकाच्याही सामानात बेटावरून उचललेली वस्तू सापडली, तर पुढच्या वर्षी अख्ख्या वर्गाची सहल रद्द. पोरांचे चेहरे खर्रकन उतरले. उतरू देत. धाक हवाच.

शिवाय कबुलीपत्राचा नमुना: काय उचललं, का उचललं, पालकाची सही आणि पालकाचा शेरा. शेऱ्याची कल्पना माझी. मुलं मास्तरांना भीक घालत नाहीत, घरच्यांना टरकतात.

तपासणीप्रमुख म्हणून माझ्या लेकीला नेमलं. ती याच वर्गात आहे. वशिलेबाजी म्हणतील, म्हणोत. तिच्याइतकं खडूस वर्गात दुसरं कोणी नाही. माझ्या आईवर गेली आहे.

२० जानेवारी, बुधवार
उद्या सहल. बॅग भरली. शोकेसमध्ये घड्याळ आणि बाटलीतली होडी यांच्या मधे वीतभर जागा रिकामी आहे. नुसती नोंद करून ठेवतो आहे. लेकीने विचारलं, बाबा, तिथे काय ठेवणार आहेस? म्हटलं, काही नाही गं. ती उगाच बघत राहिली.

२१ जानेवारी, गुरुवार. बेट. सकाळी ११
जप्ती जोरात. शिंपले, शंख, एक पीस, चिवट्याच्या टोपीत वाळू. सगळं माझ्या पिशवीत. मग किनाऱ्यावर उभा राहून छोटं भाषण केलं आणि एकेक वस्तू पुन्हा जागेवर ठेववली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. धक्क्याजवळ एक मावशी सुतळीचे मासे विणून विकत होती. सुंदर मासे, पण भाव जरा चढा. कमी कर म्हणून पाहिलं. लेक जवळच उभी होती हे नंतर दिसलं.

दुपारी २
पोरं डबे खात असताना खडकाच्या आडोशाला पांढऱ्या प्रवाळाची फांदी सापडली. वीतभर. मी तोडलेली नाही. पडलेली होती. लाट आली असती तर वाहूनच गेली असती. शिवाय वर्गात दाखवायला उपयोगी. एका अर्थी तिला मी वाचवलंच. मोज्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली आहे, फक्त तुटू नये म्हणून.

संध्याकाळी ५, परतीच्या होडीत
अक्षर वाकडं येतंय, होडीमुळे.

धक्क्यावर लेकीने चाळीस बॅगा तपासल्या. एकातही उचललेलं काही नाही. मी म्हटलं, शाबास, चला होडीत. ती हलेना. हातात यादी, पेन तयार. शाळेत ती मला अहो-जाहो करते.

"सर, तुमची पिशवी राहिली."

मोजा तिनेच उलगडला. मी तत्काळ म्हणालो की मी मुद्दाम ठेवलं होतं, तुमची परीक्षा घ्यायला. काही पोरांना पटलंही. मग चिवट्याने विचारलं, परीक्षेला मोजा कशाला लागतो? पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, म्हणजे आमची पुढच्या वर्षीची सहल गेली ना, सर? आणि रडायला लागली. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. लाज वाटली. इथे दुसरा शब्द लिहिणार होतो, पण लाजच वाटली.

२२ जानेवारी, शुक्रवार
बाईंसमोर उभा. मीच म्हटलं, चूक माझी, पोरांची सहल घालवू नका. एवढं एक वाक्य महिनाभरात सरळ बोललो. बाईंनी कलम सात पुन्हा वाचलं, चष्मा काढला, कलम खोडलं. सहल होणार. प्रमुख पीटीचे सर. पाठ आता ठीक आहे त्यांची. मी रविवारी जाऊन प्रवाळ जागेवर ठेवायचं आणि सोमवारी कबुलीपत्र द्यायचं. नमुन्याप्रमाणे, एकही रकाना रिकामा न सोडता.

२४ जानेवारी, रविवार
लेक बरोबर आली. देखरेख म्हणून, असं म्हणाली. फांदी त्याच खडकाशी ठेवली. लाट येऊन गेली, फांदी तिथेच राहिली. म्हणजे वाहून जाणार नव्हती.

घरी आल्यावर लेकीने दप्तरातून सुतळीचा मासा काढला. सहलीच्या दिवशीच घेतला होता, मावशीने सांगितला त्याच भावाला. शोकेसमधल्या त्या जागी ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हा तुझ्यासाठीच आणला होता." मासा अगदी मापात बसला.

कबुलीपत्र घेऊन बायकोकडे गेलो. ती म्हणाली, मी बायको आहे, पालक नव्हे, आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे आई शेंगा सोलत होती. आईने चष्मा लावला, कागद तीनदा वाचला आणि सही केली. शेऱ्याचा रकाना भरताना मला बघू दिलं नाही.

२५ जानेवारी, सोमवार
बाईंनी शेरा सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्याने वाचला. "ही खोड लहानपणापासूनची आहे. यापुढे खिसे मी रोज तपासत जाईन." खाली बाईंनी लिहिलं, 'पालकांचं सहकार्य उत्तम.'

संध्याकाळी घरी आलो. आई दारातच उभी होती. खिशात दोन खडू निघाले.