पाच खाचा घासू नयेत आणि सायकल एकादशीपूर्वी परत मिळावी, याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
दक्षिणी मराठी घराण्यांच्या जुन्या वस्तूंचे नोंदणी कार्यालय,
कुंभकोणम्.

विषय : आमचे आजोबा श्री. सुंदरराव यांची गिअरची सायकल न घासता परत देणे; ते न जमल्यास आजोबांना अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला देणे.

संदर्भ : १) सायकल नोंदणीच्या तपासणीसाठी ताब्यात घेतल्याची आपली पोच, दि. ३ मार्च २०२५.
२) आपले पत्र, दि. ७ जुलै २०२५.
३) आमचा मागील अर्ज, जो "भाषा फार जुनी" असा शेरा मारून आपण परत पाठवला.

महोदय,

संदर्भ ३ बद्दल आधी आभार. आमच्या घरातली एक तरी वस्तू आपण विनातपासणी जुनी ठरवली. या वेळी जमेल तितकी नवी भाषा वापरली आहे. कुठे जुनी राहिली असल्यास तिला प्रमाणपत्र द्यावे.

१. सदर सायकल जपानी बनावटीची. सिंगापुरास नोकरीला असलेल्या आजोबांच्या मेहुण्यांनी ती १९७६ साली बोटीने नागपट्टणमला उतरवली. जकातीची पावती आपल्याकडेच आहे. सायकलीला मागे पाच गिअर. त्या काळच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत गिअर बदलायची दांडी अंदाजाने ओढायची, साखळी करकरली की केसभर मागे घ्यायची. आमच्या सायकलीत दांडीखाली खाचांची चकती आहे. दांडी खाचेत पडते, टिक् होते, गिअर आपल्या जागी बसतो.

२. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा उजवा हात सहा वर्षांपासून थरथरतो. काफीचा डवरा, म्हणजे पितळी वाटी, तोंडाशी येईतो निम्मी काफी धोतराने घेतलेली असते. पण खाच हात धरून ठेवते. दांडी अंदाजाची असती तर त्यांना सायकल केव्हाच सोडावी लागली असती. म्हणून दर एकादशीस ते सकाळी अरसलार नदीचा पूल ओलांडून मरुदानल्लूरला भजनास जात. आपण सायकल नेल्यापासून नऊ एकादश्या झाल्या, आजोबा ओट्यावर बसून आहेत. आपल्या कार्यालयाने "ऑटोने जावे" असे सुचवले. त्यावर आजोबांचे उत्तर जसेच्या तसे : "ऑटोत बसलो की मी सामान होतो. सामानाने का भजन म्हणायचे?"

३. आपले तपासनीस श्री. गिरीश यांनी दांडी एकदा हलवली आणि शेरा लिहिला, "टिक् १९८५ साली आली, सबब सायकल १९७६ची नाही." त्यांच्या मोबाईलमध्ये तसे आहे. १९८५च्या सुमारास शर्यतीच्या सायकलींवर ही युक्ती नीट चालू लागली आणि जगाला पटली, हे खरे. पण जपानात तिचे प्रयोग १९७०च्या आगेमागेच झाले होते. आणि चाकाच्या तुंब्यात तीन गिअर असणाऱ्या इंग्रजी सायकलींच्या मुठीशी खटका तर स्वातंत्र्यापूर्वीच आला होता. गाजलेली गोष्ट गाजली त्या दिवशी जन्मत नाही. तसे धरले तर श्री. गिरीश अजून जन्मायचे आहेत.

४. त्यानंतर आपण नियम सात लावला : "वस्तूचे वय म्हणजे तिच्या सर्वांत नव्या भागाचे वय." आयुधपूजेला सायकल धुवायची, चंदन-कुंकू लावायचे आणि तिला काहीतरी नवे घालायचे, ही आमच्या घरची रीत. गेल्या वर्षी घंटी घातली. त्यामुळे सायकल ११ ऑक्टोबर २०२४ची ठरली. कुंकू ओले असते तर तपासणीच्या दिवशीची ठरली असती.

५. या हिशेबाने सायकल आज नऊ महिन्यांची आहे. या वयात मूल रांगते. ही मात्र आपले शिपाई श्री. मणी यांना पाठीवर घेऊन दिवसातून दोनदा कार्यालयाची दाट दुधाची डिग्री काफी आणते. श्री. मणी मला म्हणाले, "अम्मा, पुलावर दुसरा गिअर टाकला की चढ पायाला कळतच नाही." आपल्या कार्यालयात सायकल समजलेले तेवढे एकच गृहस्थ आहेत. त्यांना तपासनीस करावे आणि श्री. गिरीश यांना काफीस पाठवावे, चालत.

६. संदर्भ २ अन्वये आपण १८ जुलै रोजी पाचही खाचा कानशीने घासणार आहात, म्हणजे दांडी गुळगुळीत फिरेल आणि मग आपण सायकल जुनी म्हणून नोंदवाल. खरी जुनी वस्तू मोडून तिला जुने करण्याची ही सेवा विनामूल्य आहे, हेही पत्रात नमूद आहे. श्री. गिरीश आजोबांना म्हणाले, "आजोबा, खाचा गेल्या की सायकल जुनी झालीच म्हणून समजा." आजोबा म्हणाले, "माझे दात सगळे गेलेत, बाबा. करतोस माझी नोंद?"

७. त्यावरून सुचले. २००९ साली नेत्रशिबिरात आजोबांच्या डाव्या डोळ्यात नवे भिंग बसवले. तोच त्यांचा सर्वांत नवा भाग. नियम सातप्रमाणे ते सोळा वर्षांचे आहेत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याहून अडतीस वर्षांनी मोठे भरतात. घरात कोणी कोणाच्या पाया पडायचे याचा घोळ चालू आहे, पण आम्ही कायदा मानणारी माणसे. सोळाव्या वर्षी मुलाने अकरावीत असावे, आणि सरकारी शाळेतल्या अकरावीच्या मुलांना सरकार मोफत सायकल देते. तरी आपल्या सहीने वयाचा दाखला द्यावा. शाळेत नेऊन बसवण्याची जबाबदारी माझी.

८. अडचण एवढीच, की त्या सायकलीला गिअर नसतो, पुलाला चढ असतो, आणि भिंगाने डोळा सोळा वर्षांचा झाला तरी गुडघ्यांना ते कोणी कळवलेले नाही.

सबब १८ तारखेस कानस कपाटातच राहू द्यावी. नोंद नको, प्रमाणपत्र नको, प्रदर्शनात जागा नको. सायकल नवी म्हणून परत दिलीत तरी चालेल. एकादशी २१ तारखेस, सोमवारी आहे. आजोबांनी धोतर आत्ताच धुऊन ठेवले आहे.

१८ तारखेपर्यंत तरी आपली नम्र,
के. जननी
(श्री. सुंदरराव यांची नात, नियम सातप्रमाणे आजोबांहून आठ वर्षांनी मोठी)

कुंभकोणम्, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) नेत्रशिबिराचे कार्ड.
२) जुनी घंटी. ती बसवून वय पुन्हा मोजावे.
३) अकरावी प्रवेशाचा भरलेला अर्ज. विद्यार्थ्याची सही चौकटीबाहेर तीन ओळी पसरली आहे. कागदाला खाच नव्हती.